हेगसाहेबांचा वशिला

गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी सहा महिने एडिनबराला होतो. क्लायंटचं ऑफिस शहराच्या मध्यात. तिथल्या हवेला कंटाळून एका रविवारी किल्ला बघायला गेलो. मराठी माणूस परदेशात गेला तरी किल्ला दिसला की चढतोच. आत युद्धसंग्रहालयाजवळ एक घोड्यावरचा पुतळा आहे. फील्ड मार्शल अर्ल हेग. डग्लस हेग. (हेग म्हणजे नेदरलँड्समधलं कोर्टवालं शहर नव्हे. मलाही आधी तेच आठवलं.)

मी पुढे सरकणारच होतो, पण खालच्या मजकुरात 'बॉम्बे' दिसलं म्हणून थांबलो. हा पुतळा एडिनबराला भेट दिलाय मुंबईच्या सर धनजीभॉय बोमनजी या पारशी शेठजींनी, १९२३ साली. साम्राज्याची सेवा केल्याबद्दल कौतुक म्हणून. म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीत, स्कॉटलंडच्याच सेनापतीचा घोडा आपल्या मुंबईच्या पैशातून उभा आहे.

तिथेच बाकावर बसून मोबाईलवर वाचायला लागलो. अर्ध्या तासात लक्षात आलं, की या माणसाबद्दल इंटरनेटवर दोनच पक्ष आहेत आणि दोघांचंही मला पटत नाही. त्यावर हा लेख.

पहिला पक्ष म्हणतो, हेग गाढव होता. पहिल्या महायुद्धात सिंहासारखे सैनिक आणि त्यांच्या डोक्यावर गाढव सेनापती, अशी ही कहाणी. १९६१ साली अ‍ॅलन क्लार्कने या गाढवांवर पुस्तकच लिहिलं. नंतर 'ब्लॅकअ‍ॅडर' मालिकेत हेग खेळण्यातले सैनिक केरसुणीने सुपलीत भरून मागे फेकून देतो, ती क्लिप आजही फिरते. बघाच, भारी आहे.

दुसरा पक्ष इतिहासकारांचा. जॉन टेरेन, गॅरी शेफील्ड वगैरे. ते म्हणतात, थांबा. याच माणसाच्या हाताखालच्या सैन्याने ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१८ या शंभर दिवसांत जर्मनांना मागे रेटलं, एक लाख ८८ हजारांच्या आसपास कैदी पकडले. त्याने रणगाडे वापरले, विमानांना महत्त्व दिलं, वीस लाखांच्या आसपासचं सैन्य चालवलं. गाढवाला हे जमत नाही.

दोन्ही पक्ष हेगच्या डोक्याबद्दल भांडतात. डोकं होतं की नव्हतं? माझं म्हणणं असं, की डोकं बाजूला ठेवा. तो त्या खुर्चीपर्यंत कसा पोचला ते बघा. आणि खुर्चीत बसल्यावर त्याला कोणीच का उठवू शकलं नाही ते बघा. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, तो इंग्रजीत नाही म्हणून त्यांची पंचाईत होत असावी. वशिला.

आता घराणं. डग्लस हेगचा जन्म १९ जून १८६१चा, एडिनबराच्या शार्लट स्क्वेअरमधला. म्हणजे पुण्यात प्रभात रोडला जन्म. वडील जॉन हेग व्हिस्कीवाले. फाइफमधल्या कॅमरनब्रिजची डिस्टिलरी त्यांची. अकरा मुलं, त्यातलं डग्लस हे शेंडेफळ. अठरा वर्षांचा व्हायच्या आत आई-वडील दोघंही गेले, पण पैसा राहिला. पुढे ऑक्सफर्ड, ब्रेझनोज कॉलेज, पोलो, क्लब. आजारपणात एक टर्म बुडाली म्हणून पदवी न घेताच बाहेर पडला.

इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, की सॅंडहर्स्टच्या सैनिकी कॉलेजातून तो पहिला येऊन बाहेर पडला. मेहनती होता. बॅचमधल्या बाकीच्या पोरांना तो वयाने मोठा, अबोल, थोडा कंटाळवाणा वाटत असे, पण रट्टा मारायचा. १८८५मध्ये सातव्या हुसार्स या घोडदळात अधिकारी झाला. घोडदळ म्हणजे खर्चिक काम. घोडे स्वतःचे, पोलोची तट्टं स्वतःची, मेसचं बिल स्वतःचं, आणि पगारात यातलं काहीच भागत नाही. घोडदळातला अधिकारी व्हायचं तर घरून पैसे यावे लागत. व्हिस्कीचे येत होते.

रेजिमेंटबरोबर तो हिंदुस्थानात आला, सिकंदराबादला राहिला. मग १८९३ साली स्टाफ कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली. वर जायचं असेल तर ही परीक्षा म्हणजे त्या काळची जेईई, यूपीएससी, काय म्हणायचं ते म्हणा.

आणि साहेब नापास झाले. गणितात.

शिवाय डोळे तपासले तर रंगांधळेपणा निघाला. तुम्हीआम्ही असतो तर विषय संपला. पुढच्या वर्षी क्लास लावा, नाहीतर बीएस्सी करा. पण स्टाफ कॉलेजात काही जागा नामनिर्देशनाने भरत. सरसेनापती ज्याचं नाव देईल त्याला प्रवेश. सरसेनापती कोण, तर ड्यूक ऑफ केंब्रिज, राणी व्हिक्टोरियाचा चुलतभाऊ. आणि हेगची मोठी बहीण हेन्रिएटा कोण, तर जेमसन व्हिस्की घराण्यातल्या विल्यम जेमसनची बायको. हा जेमसन प्रिन्स ऑफ वेल्सच्या यॉटिंगच्या कंपूतला. बहिणीने खटपट केली, वजन टाकलं, आणि १८९६ साली डग्लस हेग स्टाफ कॉलेजात दाखल झाला. परीक्षा पास न होता.

आपल्याकडे याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात. हे वाचून माझ्या तोंडून बाकावरच शिवी गेली. शेजारच्या आजी माझ्याकडे बघून हसल्या, बहुतेक पावसाला वैतागलोय असं वाटलं त्यांना.

पुढचा टप्पा त्याहून भारी आहे. १८९९. हेग अल्डरशॉटला जॉन फ्रेंच नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. फ्रेंचने सट्ट्यात पैसे घालवलेले, कर्जबाजारी, सैन्यातून बाहेर पडायची वेळ आलेली. हेगने त्याला सुमारे दोन हजार पौंड उसने दिले. आज तुमच्या मॅनेजरची बुडालेली क्रिप्टो तुम्ही भरून दिली, तर अ‍ॅप्रेझल कसं होईल? काही महिन्यांत बोअर युद्ध सुरू झालं. फ्रेंच घोडदळाचा सेनापती म्हणून दक्षिण आफ्रिकेत गाजला आणि त्याचा स्टाफ ऑफिसर म्हणून हेगही गाजला.

मग लग्न. जून १९०५, विंडसरला राजाचा पाहुणा म्हणून गेलेला असताना डॉरथी व्हिव्हियनची गाठ पडली. ती राणी अलेक्झांड्राच्या तैनातीतली मानकरी. दोन-तीन दिवसांत मागणी आणि महिनाभरात लग्न, तेही बकिंगहॅम राजवाड्यातल्या खासगी चॅपलमध्ये. पहिल्या मुलीचं नाव अलेक्झांड्रा, दुसरीचं व्हिक्टोरिया. आपल्याकडे साहेबांच्या नावावरून मुलाचं नाव ठेवणारे कार्यकर्ते आहेत, त्यांना हसू नका.

१९०९ ते ११ तो पुन्हा हिंदुस्थानात होता, चीफ ऑफ स्टाफ म्हणून. परत अल्डरशॉटला गेला तेव्हा इथली आपली माणसं बरोबर घेऊन गेला. तिथल्या लोकांनी त्या कंपूला 'हिंदू आक्रमण' असं टोपणनाव ठेवलं. हिंदू त्यात एकही नव्हता, सगळे गोरे. त्यातल्या जॉन चार्टरिसचं नाव लक्षात ठेवा.

१९१४ला युद्ध पेटलं. ब्रिटिश फौजेचा मुख्य होता तोच उधारीवाला फ्रेंच. पहिल्याच आठवड्यात हेगने राजा पाचव्या जॉर्जला सांगितलं, की मला या माणसाच्या योग्यतेबद्दल शंका आहे. १९१५च्या शरदात लूसची लढाई फसल्यावर राजा फ्रान्सला आला, तेव्हा पुन्हा तेच, अधिक स्पष्ट. डिसेंबरात फ्रेंच गेला, हेग आला. फ्रेंच सेनापती म्हणून सुमार होता यावर फारसा वाद नाही. पण तुमच्या स्किप-लेव्हलशी तुमची बायको रोज चहा घेत असेल, तर तुमचा एस्कलेशन मेल वेगळ्या इनबॉक्समध्ये पडतो, एवढंच मला सांगायचंय.

आता १ जुलै १९१६. सोम नदी.

सात दिवस आधीपासून तोफा धडधडत होत्या. सुमारे पंधरा लाख गोळे. त्यातले बरेच फुटलेच नाहीत. बरेच अशा जातीचे, की काटेरी तारा तोडण्याऐवजी वर फुटून छर्रे उडवणारे. हल्ला होता रॉलिन्सनच्या चौथ्या आर्मीचा. रॉलिन्सनचा बेत होता एकेक घास तोडायचा आणि तिथेच टिकायचं. हेगला भगदाड हवं होतं, त्यातून घोडदळ घुसवायचं होतं. म्हणून त्याने तोफांचा मारा जर्मन रेषांमध्ये आणखी खोलवर पसरायला लावला. तेवढेच गोळे, जास्त जमीन. लोणी तेवढंच आणि पाव मोठा. सकाळी साडेसातला शिट्ट्या वाजल्या, माणसं खंदकातून वर आली. पुष्कळ ठिकाणी तारा शाबूत होत्या आणि मशीनगनवाले जिवंत होते.

त्या एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यातले मेलेले १९,२४०.

दुसऱ्या दिवशी हेगने डायरीत नोंद केली. तोवर त्याच्याकडे चाळीस हजारांवरचा आकडा आला होता. त्याचं मत पडलं, की किती सैन्य उतरवलं आणि आघाडी किती लांब होती हे बघता हे नुकसान फार म्हणता येणार नाही.

हे वाक्य गाढवाचं नाही. हे डॅशबोर्ड बघणाऱ्या माणसाचं आहे. आमच्याकडे प्रोडक्शन कोसळलं, की कोणीतरी सीनियर नेमकं असंच बोलतो: एकूण ट्रॅफिकच्या तुलनेत एरर रेट मर्यादेत आहे. आकडा बरोबरच असतो. आमच्याकडे त्या एररमध्ये कुणाचं तरी पेमेंट अडकलेलं असतं. तिथे १९,२४० पोरं होती. लँकेशर, अल्स्टर, न्यूफाउंडलंडची. एका गावातले, एका गिरणीतले मित्र एकत्र भरती झालेले, त्यामुळे एकेका गल्लीत एकदम तारा पोचल्या.

आणि डॅशबोर्ड हिरवा कोण ठेवत होता? चार्टरिस. हेगचा हेरखात्याचा प्रमुख. जर्मन सैन्य आता कोसळणार, त्यांची माणसं संपत आली, मनोधैर्य संपलं, असे अहवाल तो साहेबांना देत राहिला. सोमच्या वेळी दिले, १९१७च्या पॅशेंडेलच्या चिखलातही दिले. सोम नोव्हेंबर १९१६पर्यंत चालली, ब्रिटिश बाजूचे चार लाखांवर हताहत झाले. पॅशेंडेलचा आकडा काय यावर अजून भांडण आहे, पण तोही लाखांतच. वाईट बातमी आणणारा माणूस हेगला जवळ नको होता, आणि जवळ कोण असावं हे तो स्वतः ठरवत होता. त्याच्या मर्जीतला चार्टरिस हटला तो थेट १९१७ सरताना, कँब्रेनंतर, तोही बाहेरून दबाव आल्यावर.

याच सोमवर १४ जुलैला आपलं घोडदळही उतरलं होतं. विसावी डेक्कन हॉर्स. शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान सवारांची रेजिमेंट, सिकंदराबाद ब्रिगेडमधली. सकाळी हाय वूड नावाचं जंगल जवळपास रिकामं होतं. हुकूम येता येता संध्याकाळ झाली. मग डेक्कन हॉर्स आणि सातवे ड्रॅगून गार्ड्स भाले घेऊन गव्हाच्या शेतांतून दौडत गेले. काही जर्मन भाल्याने मारले, काही पकडले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मागे फिरावं लागलं. ते जंगल हाती यायला १५ सप्टेंबर उजाडला. दख्खनच्या पोरांनी फ्रान्सच्या शेतात भाले चालवले याचं कौतुक करणारे फॉरवर्ड मला दर वर्षी येतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते का थांबून होते, हे त्यात कधी नसतं.

आता माझ्या मुद्द्यावर अपेक्षित हरकत: सगळ्यांचीच तीच गत होती की. फ्रेंच सेनापती जोफ्र, निव्हेल, जर्मन फाल्केनहाइन, सगळ्यांनी माणसं खपवली. मशीनगन आणि काटेरी तारेवर तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. मान्य. दुसरा कोणी असता तर सोमवर चमत्कार झाला असता असं मी म्हणत नाही. पण फाल्केनहाइनला व्हर्दनच्या अपयशानंतर काढलं. जोफ्रला वर ढकलून बाजूला केलं. निव्हेलची गच्छंती काही महिन्यांत झाली. हेग डिसेंबर १९१५पासून युद्ध संपेपर्यंत जागचा हलला नाही. पंतप्रधान लॉइड जॉर्जला तो नकोसा होता, हे सगळ्या लंडनला माहीत होतं. तरी काढता आलं नाही. पर्याय कोण हा प्रश्न होताच. पण त्याच्यामागे राजा होता, कॉन्झर्व्हेटिव्ह पुढारी होते, वर्तमानपत्रं होती.

मग लॉइड जॉर्जने काढलं कुणाला? इथे मला विल्यम रॉबर्टसनबद्दल सांगायचंय, आणि खरं तर हा लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतला.

रॉबर्टसन लिंकनशरच्या खेड्यातला, शिंप्याचा मुलगा. आधी मोठ्या घरात नोकर होता. १८७७मध्ये साधा शिपाई म्हणून सोळाव्या लान्सर्समध्ये भरती झाला. आईला ते इतकं लागलं होतं, की सैनिकाची आई होण्याची तिला लाज वाटत होती. दहा-अकरा वर्षांनी अधिकारी झाला आणि हिंदुस्थानात आला. का? कारण इथे घोडदळाचा अधिकारी पगारात कसाबसा जगू शकत असे. घरून व्हिस्कीचे पैसे येत नव्हते. भाषेच्या परीक्षा पास केल्या की बक्षिसाची रक्कम मिळे, म्हणून त्याने इथल्या भाषा शिकल्या, एकामागून एक. शिपाई म्हणून सुरुवात करून स्टाफ कॉलेजात पोचलेला तो पहिला माणूस. बोलताना 'ह' गिळायचा, आयुष्यभर. ऑफिसर्स मेसमध्ये त्याची नक्कल होत असणार, हे कुणी सांगायला नको. आपल्यातल्या ज्यांनी 'आनी', 'पानी' म्हणून टपल्या खाल्ल्यात, त्यांना कळेल.

डिसेंबर १९१५मध्ये हा रॉबर्टसन लंडनमध्ये सगळ्या सैन्याचा मुख्य सल्लागार झाला. पश्चिम आघाडीवरच जोर लावायचा हे त्याचंही मत होतं. पॅशेंडेलबद्दल मनात शंका असूनही मंत्र्यांसमोर त्याने हेगचीच बाजू धरली. म्हणजे दोषातही तो भागीदार आहे. मी त्याला संत करत नाहीये. पण फेब्रुवारी १९१८मध्ये लॉइड जॉर्जला सेनापतींचा माज उतरवायचा होता तेव्हा डोकं उडालं ते शिंप्याच्या मुलाचं. दोन वर्षं ज्याची पाठराखण केली त्या हेगने त्याच्यासाठी स्वतःची खुर्ची पणाला लावली नाही. सरकार ठरवेल ते मान्य, म्हणाला आणि फ्रान्सला परतला.

युद्ध संपल्यावर पार्लमेंटने बक्षिसं वाटली, १९१९ साली. रॉबर्टसन: बॅरोनेट ही पदवी आणि १० हजार पौंड. हेग: अर्ल ही पदवी आणि एक लाख पौंड.

एवढ्यावर भागलं नाही. हेगला जमीनदार व्हायचं होतं. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर ट्वीड नदीकाठी बेमरसाइड म्हणून जुनं घर आणि इस्टेट आहे. बाराव्या शतकापासून तिथे हेग नांदतायत. बेमरसाइडला हेग कायम राहतील, असं भाकीत असलेली जुनी म्हणही त्या भागात आहे. डग्लस हा दूरच्या, दारू गाळणाऱ्या शाखेतला. १९२१मध्ये लोकवर्गणीतून ती इस्टेट विकत घेऊन त्याला नजर करण्यात आली. व्हिस्कीवाल्याचा धाकटा मुलगा साठीला लेयर्ड झाला. लेयर्ड म्हणजे तिथला खोत समजा.

त्याच सुमाराला स्कॉटलंडच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं बघा. लुईस बेट. तिथल्या पोरांना युद्धावरून परत आलात की जमीन मिळेल, असं सांगितलं होतं. १ जानेवारी १९१९च्या पहाटे त्यांना घरी आणणारं 'आयोलेर' जहाज बंदराच्या तोंडाशी, गावाचे दिवे दिसत असताना, खडकावर आपटलं. दोनशेहून जास्त बुडाले. युद्धातून वाचून आलेले. जे घरी पोचले त्यांनी वचन मागितलं, तर बेट लॉर्ड लिव्हरह्यूम या साबणवाल्या उद्योगपतीने विकत घेतलेलं. त्याला तिथे मासळीचा कारखानदारी धंदा उभारायचा होता, शेतकऱ्यांना तुकडे द्यायचे नव्हते. शेवटी माजी सैनिकच ग्रेस आणि कॉल इथल्या शेतांत घुसले, कुंपणं मोडली, गुरं सोडली, नांगर धरला. वर्तमानपत्रांत त्यांना 'लँड रेडर' म्हणत. म्हणजे घुसखोर.

सेनापतीला जमीन वर्गणी काढून, आणि शिपायाने मागितली तर तो घुसखोर. हेगने हे केलं असं मी म्हणत नाही, लुईसशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट अपंग सैनिकांच्या पेन्शनची सोय होईपर्यंत त्याने पदवी घ्यायचं टाळलं होतं, आणि उरलेली सगळी वर्षं माजी सैनिकांच्या संघटनेला दिली. लाल पॉपीच्या मधल्या बटणावर कित्येक दशकं त्याच्या फंडाचं नाव असायचं. १९२८मध्ये तो गेला तेव्हा रस्त्यारस्त्यावर जुने सैनिक उभे होते, रडत होते. ड्रायबर्गला त्याच्या थडग्यावर साध्या शिपायाच्या थडग्यावर असतो तसलाच दगड आहे. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच गाढववाली थिअरी मला आळशी वाटते. हेग दुष्ट नव्हता, मठ्ठ नव्हता, नाकर्ता नव्हता. बऱ्यापैकी हुशार, प्रचंड मेहनती माणूस होता. आयुष्यात एकदा परीक्षेत नापास झाला आणि नापास होण्याचा त्याच्यावर काहीही परिणाम होऊ दिला गेला नाही. ज्याला चूक कधी भोवलीच नाही, त्याला चाळीस हजारांचा आकडा फार कसा वाटेल?

नावाचं ओझं पडलं ते मुलावर. जॉर्ज, घरचे 'डॉइक' म्हणत. १९१८चा जन्म, नवव्या वर्षी अर्ल झाला. दुसऱ्या महायुद्धात स्कॉट्स ग्रेज घोडदळातून वाळवंटात लढताना १९४२ला पकडला गेला, आणि नाव हेग असल्यामुळे जर्मनांनी त्याला कोल्डिट्झच्या किल्ल्यात खास कैद्यांत ठेवलं. हाही वशिलाच, उलटा. तुरुंगात त्याने चित्रकला वाढवली. परत येऊन चित्रकार झाला, बेमरसाइडच्या टेकड्या आणि ट्वीड रंगवत बसला. १९९८ला एका वर्तमानपत्राने लंडनमधला बापाचा पुतळा हटवा अशी मोहीम काढली, तेव्हा ऐंशीच्या घरातला हा चित्रकार अजून बापाची बाजू मांडत होता. २००९मध्ये गेला. मला या घराण्यातला हा माणूस सर्वांत आवडला.

आता कुणीतरी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश साहेबाच्या वशिल्याचं तुला काय पडलंय?

आमच्या ऑफिसात दुपारच्या जेवणाला एक विषय ठरलेला असतो. मेरिट. आरक्षणामुळे देशाचं वाटोळं झालं, अमेरिकेत बघा फक्त मेरिट चालतं, इत्यादी. बोलणारे माझेच मित्र आहेत. त्यातल्या निम्म्यांची पहिली नोकरी रेफरलची आहे, हे मला माहीत आहे, कारण माझी स्वतःची तशीच आहे. कॅम्पसला पहिल्या कंपनीच्या अ‍ॅप्टिट्यूड राउंडला मी उडालो. गणितातच, गंमत म्हणजे. घरी दोन दिवस सुतक होतं. मग मामाने त्याच्या एका मित्राला फोन केला. तो मित्र दुसऱ्या एका कंपनीत वरच्या जागेवर. आठवड्याभरात मला इंटरव्ह्यूचा मेल आला. इंटरव्ह्यू मी स्वतः दिला, चांगला दिला, हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलोय. सॅंडहर्स्टला पहिला आलो हे हेगही सांगत असेलच.

माझ्याबरोबर त्याच राउंडला उडालेला माझा रूममेट माझ्याहून बरा कोडर होता. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला, बाप कोरडवाहू शेतकरी. त्याच्याकडे मामा होता, पण मामाकडे फोन करायला कोणी नव्हतं. दोन वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर काढून तो परत गेला. आता तालुक्याच्या गावी क्लासमध्ये शिकवतो.

हेगचं चरित्र वाचताना मला सतत राग येत होता आणि अर्ध्या रस्त्यात कळलं की तो सगळा हेगवरचा नव्हता. त्याला गाढव म्हटलं की आपण सुटतो. मग तो अपवाद ठरतो, मूर्ख म्हातारा साहेब, मिशावाला. त्याला पुढे सरकवणारी बहीण, उसने पैसे, राजवाड्यातलं लग्न, राजाशी खासगीत बोलणं, आपली माणसं आजूबाजूला ठेवणं, हे सगळं मात्र आपल्या इतकं ओळखीचं आहे, की त्यावर जोकच होत नाही. जेवणाच्या टेबलावर तर नाहीच.

परवा मावसभावाचा रेझ्युमे आला. कॉलेज ठीकठाक, प्रोजेक्ट गिटहबवरून उचललेले. 'दादा, तुझ्या पोर्टलवर टाक ना.' रेफरल बोनसही मिळतो, पन्नास हजार. फाइल डाउनलोड्समध्ये पडून आहे. मावशीचा दोनदा फोन येऊन गेला, मी मीटिंगमध्ये आहे असं सांगितलं.